ड्रमच्या झाकणावरची माउली

एमआयडीसीतला माणूस रिकामा झाला की त्याचं करायचं काय, हा जालन्यातला जुना प्रश्न आहे. मास्तर निवृत्त झाला की सकाळी मोती तलावाकडे फिरायला जातो. शेतकरी निवृत्त होतच नाही. व्यापाऱ्याला निवृत्त करायचं तर पोरांना आधी मामाला मध्ये घालावं लागतं. पण रोलिंग मिलमध्ये उभा जन्म शिफ्ट काढलेला माणूस घरी बसला, की घराला घाम फुटतो. तो बोलतो ते ओरडूनच, कारण मिलमध्ये हळू बोललेलं स्वतःलाही ऐकू येत नाही. रात्री दोनला टक्क जागा असतो. पोळी तव्यावर कितव्या सेकंदाला फुगली याची कुठंतरी नोंद व्हायला हवी, असं त्याला मनापासून वाटतं आणि तो ते बोलूनही दाखवतो.

अशा माणसांसाठी गावात ठरलेल्या वाटा आहेत. कुणी समृद्धीच्या इंटरचेंजजवळ प्लॉट बघत हिंडतो, कुणी मोसंबीची बाग लावून टँकरचे हिशेब करत बसतो, कुणी व्हिजिटिंग कार्डावर ‘कन्सल्टंट’ छापून घेतो. आमचे दाजी मिलच्या क्वालिटी खात्यातून निवृत्त झाले, पण त्यांनी यातलं काही केलं नाही. त्यांनी तैलचित्र शिकायला घेतलं. बरं, नवशिक्यानं सफरचंद काढावं, सुरई काढावी, फार तर नारळाच्या झाडामागे मावळता सूर्य काढावा. दाजींनी थेट राफाएलला हात घातला. फ्लोरेन्सच्या पित्ती राजवाड्यातली, १५१३-१४च्या सुमाराची ‘मॅडोना देल्ला सेज्जोला’, म्हणजे खुर्चीवर बसलेली मरिया. मांडीवर बाळ येशू, बाजूला हात जोडून उभा छोटा योहान, आणि मधे ती, मान कलती करून थेट आपल्याकडे बघणारी.

हेच चित्र का, असं मी विचारलं. वात्सल्य, करुणा असलं काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून कानही टवकारले होते.

‘‘गोल आहे,’’ दाजी म्हणाले.

हे कारण एमआयडीसीत बसल्याशिवाय कळायचं नाही. टर्पेंटाइनचा वास घरात आला तेव्हाच आमच्या ताईनं ‘‘एक तर हे राहील नाही तर मी’’ असं जाहीर केल्यामुळे दाजींनी एका जुन्या सहकाऱ्याच्या फॅब्रिकेशनच्या गाळ्यात, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कोपरा मिळवला होता. तिथं कॅनव्हास नव्हता. पण दोनशे लिटरचे ओपन टॉप ड्रम होते आणि त्यांची झाकणं होती. गोल, सपाट, कडेला आवळून बसणारी रिंग. म्हणजे फ्रेमसुद्धा कंपनी फिटेड. गाळामालकानं आधी मोठ्या मनानं पाच एमएमच्या प्लेटमधून मूळ मापाचा, ७१ सेंटिमीटरचा गोल गॅस कटरनं कापून देऊ केला होता. दाजींनी जागच्या जागी हिशेब केला: साडेपंधरा किलो. असलं चित्र भिंतीवर लावायला खिळा पुरत नाही, चॅनल वेल्ड करावं लागतं. झाकण साधारण ५८ सेंटिमीटरचं. ‘‘शेकडा ऐंशीची स्केल धरू,’’ दाजी म्हणाले आणि कलेचा पहिला मोठा प्रश्न सुटला.

गंमत अशी की या चित्राच्या मागेही पिंपाचीच गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपात ती फार चालली: राफाएलला म्हणे वाटेत एक आई आणि तिची लेकरं दिसली, हाताशी काही नव्हतं, म्हणून त्यानं दारूच्या पिंपाच्या बुडावर चित्र काढलं आणि म्हणून ते गोल. जाणकार हिला हसतात. फ्लोरेन्समध्ये गोल चित्रांची तेव्हा रीतच होती, त्यांना ‘तोंदो’ म्हणत. मी हे सगळं दाजींना सांगून त्यांचा हिरमोड करायचा प्रामाणिक प्रयत्न केला. ते म्हणाले, ‘‘पिंप खोटं असेल. आपला ड्रम खरा आहे.’’

तैलचित्राचा पहिला वैरी तेल. झाकणाला जुन्या गिअर ऑइलचा पापुद्रा होता, आणि खनिज तेल जन्मात वाळत नाही. थिनर झालं, साबण झाला, पॉलिश पेपर झाला, मग रेड ऑक्साइडचे दोन हात. रेड ऑक्साइड हा आमच्या एमआयडीसीचा घरचा रंग. गेट, ट्रस, शिडी, पाण्याची टाकी, सगळं आधी त्याच रंगात जन्माला येतं आणि बरंचसं त्याच रंगात मरतं. राफाएलच्या काळात पॉप्लरच्या लाकडी फळीवर सरस आणि जिप्समची भुकटी यांचे थर देत. दाजींना ते कळलं तेव्हा त्यांचं झाकण तांबडं होऊन उन्हात वाळत होतं आणि गाळ्यातला हेल्पर ते पुन्हा ड्रमवर बसवायच्या बेतात होता.

मग आलं खरं तेल. जालना म्हणजे सळई आणि बियाणं. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथं महिको काढली तेव्हापासून बियाण्यांच्या पिशवीवर जालन्याचं नाव देशभर गेलं. पण आपल्या शेतातलं जवस युरोपातल्या देवादिकांना पाचशे वर्षं चिकटवून उभं आहे, हे दाजींना ठाऊक नव्हतं. हार्डवेअरच्या दुकानात पेंटर बेलतेल मागतात ते जवसाचंच, उकळून घट्ट केलेलं. चित्राला कच्चं, स्वच्छ गाळलेलं लागतं. इटलीतले लोक त्याच्या जोडीला अक्रोडाचंही वापरत. दाजींना विश्वास बसेना. ज्या जवसाची चटणी आपण बाजरीच्या भाकरीवर घेतो, त्याच्या तेलात हे सगळं?

क्वालिटीवाल्या माणसाला विश्वास बसत नसेल तर तो वाद घालत नाही, सॅम्पल काढतो. दाजींनी पत्र्याची एक पट्टी घेतली, खडूनं खाने आखले आणि घरातलं, दुकानातलं, मशीनमधलं एकेक तेल थेंबाथेंबानं टाकलं: जवस, करडई, शेंगदाणा, खोबरेल, गिअर ऑइल. वर तारीख टाकली, खाली सही केली. रोज बोट लावून पाहणं सुरू झालं. जवसावर आधी साय धरली, मग ती सुरकुतली आणि कडक झाली. करडई मागाहून आली, पण जवसापेक्षा निर्मळ राहिली. पांढरा रंग पिवळा पडू नये म्हणून रंगांचे कारखाने तो करडईच्या तेलातही घोटतात, ते याच गुणामुळे. शेंगदाण्याच्या थेंबात शेडमधली धूळ, एक माशी आणि ग्राइंडिंगचा चुरा एवढं जमा झालं, पण तो वाळला नाही. खोबरेल आणि गिअर ऑइल टाकले तसे राहिले. घरातलं करडईचं तेल कुठं जातं याचा शोध ताई त्या सुमाराला घेत होती. तिला तो लागलाही. त्याचा तपशील इथं देत नाही.

जवस पाण्यासारखं उडून वाळत नाही. ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि स्वतःच घट्ट होतं. वाळताना त्याचं वजन वाढतं. हे कळलं त्या दिवशी दाजी लहान पोरासारखे हरखले. ‘‘म्हणजे गंजतंच की हे! लोखंड ऑक्सिजन खातं आणि वाया जातं. हे खातं आणि टिकतं.’’ ज्या हवेशी ते जन्मभर भांडले, तीच आता त्यांच्याकडे बिनपगारी कामाला होती. ऑक्सिजन खाताना तेलाला ऊब येते आणि तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकल्या तर आपोआप पेटूही शकतात, हे समजल्यावर तर ते पूर्ण आपल्या मुलखात आले. शेडमध्ये पाण्याची बादली आली, बादलीवर लाल अक्षरं आली, शेजारी वाळूची बादली आली. चित्र काढताना सेफ्टी शूज आले. राफाएलचं चित्र हेल्मेट हाताशी ठेवून उतरवणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

रंगांच्या बाबतीत माझी अटकळ होती की इथं गाडी अडेल. मिलमधल्या माणसाला रंग काय कळणार? पण भट्टीवरचा माणूस रंगावरच जगतो. बिलेट किती तापलं हे मीटर सांगतो, पण जुना माणूस मीटरकडे नंतर बघतो, आधी बिलेटकडे. दाजींनी मरियेच्या लाल बाहीकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, ‘‘आठशे.’’ बाळाच्या नारिंगी-पिवळ्या कपड्याला त्यांनी एक हजारापासून अकराशेपर्यंत डिग्री दिली, सुरकुतीनुसार. पॅलेटवर त्यांनी रंगांची नावं लिहिलीच नाहीत, आकडे लिहिले. निळ्यापाशी मात्र थांबले. ‘‘हा भट्टीत येत नाही.’’

हा निळा सगळ्यांनाच अवघड गेलेला आहे. मरियेचा निळा म्हणजे राजावर्त, लाजवर्दी दगड. तो अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतून यायचा आणि युरोपात सोन्याच्या भावानं जायचा. १८२०च्या दशकात फ्रान्समध्ये तो कारखान्यात बनवता आला आणि पुढं तोच कृत्रिम अल्ट्रामरीन कपड्यांना घालायच्या निळीच्या पुडीत आला. स्वर्गातल्या राणीचा पदर आणि आमच्या वडिलांचं धोतर एकाच रसायनात निघायचं म्हणायचं.

बाकी बहुतेक सगळं लोखंड. गेरू म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड, पिवळी माती म्हणजे त्याचाच पाणी धरलेला भाऊ, अंबर आणि सिएना या तपकिरी मात्यांतही तेच. पिवळी माती भाजली की आतलं पाणी उडून ती तांबडी होते, हा जुन्या चित्रकारांचा पाठच होता. दाजींनी पिवळी माती डब्यात घातली आणि चहाच्या निमित्तानं आपल्या जुन्या मिलमध्ये गेले. भट्टीच्या दाराशी डबा ठेवला. परत आले तेव्हा डब्यात विटकरी भुकटी होती आणि चेहऱ्यावर नापास होणारा मुलगा पास झाल्याचा आनंद. ‘‘आमच्या भट्टीतून लाल होऊन निघालेलं सगळं गार झाल्यावर काळं पडतं,’’ ते म्हणाले. ‘‘हे पहिलंच, लाल राहिलेलं.’’

शिकवायला गुरू होता. ‘डेंजर ४४० व्होल्ट’च्या कवट्यांपासून ट्रकच्या मागच्या मोरापर्यंत एमआयडीसीतली सगळी चित्रकला ज्यांच्या हातची, ते पेंटरमामा. फ्लेक्स आल्यापासून त्यांचं काम निम्म्यावर आलं होतं, त्यामुळे शिष्याला वेळ देणं परवडत होतं. त्यांनी दाजींना छायाचित्रावर आणि झाकणावर खाने पाडून चित्र उतरवायला शिकवलं. रंगावर हात टेकू नये म्हणून काठीवर मनगट ठेवायला शिकवलं. राफाएलच्या जातभाईंकडेही अशीच काठी असायची हे मी सांगितलं तेव्हा मामा म्हणाले, ‘‘असणारच. ओल्या रंगावर हात कुणाचा चालतो?’’ दोघांचा वाद फक्त वेगावरून. एनॅमल दुपारी लावला तर संध्याकाळी गाडी रस्त्यावर. दाजी एका पापणीवर रविवार काढत. ‘‘साहेब, तुमच्या एका नाकपुडीत माझे चार टेम्पो होतात,’’ मामा म्हणत. खालचा थर कोरडा आणि वरचा जास्त तेलाचा हवा, नाही तर वरचा आधी वाळून पुढं भेगाळतो, हा नियम मात्र त्यांना लगेच पटला. भेगाळलेल्या पाट्यांवर त्यांचं घर चाललं होतं.

गाळामालकाला या उद्योगाचं नैतिक टोचणं होतं. ‘‘पण ही कॉपीच ना?’’ मराठवाड्यात कॉपीला पोलीस बंदोबस्त लागतो, कॉपीमुक्त अभियानाचे फलक लागतात, त्यामुळे प्रश्न साधा नव्हता. मी दाजींची बाजू लढवली. पित्ती राजवाड्यात एके काळी या चित्राची नक्कल करायला चित्रकार नंबर लावून वाट बघायचे. १५८० मध्ये गोव्याहून जेझुइट पाद्री फत्तेपूर सिक्रीला मरियेचं चित्र घेऊन गेले आणि अकबराच्या चित्रकारांनी त्यांच्याजवळची चित्रं भराभर उतरवली. अबुल हसन नावाच्या जेमतेम तेरा वर्षांच्या पोरानं ड्यूररच्या चित्रावरून काढलेला योहान आज ऑक्सफर्डच्या संग्रहालयात आहे. मुंबईचं जे. जे. स्कूल १८५७ मध्ये निघालं, तिथं आपली पोरं ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती बघून काढत मोठी झाली. गाळामालकानं सगळं ऐकून घेतलं. ‘‘म्हणजे पकडलं गेलं नाही तर चालतं,’’ तो म्हणाला.

आता मोजमाप. दाजींनी प्रिंटवर व्हर्नियर लावला. डोकं, हात, पावलं, बोटं, सगळ्याचे आकडे वहीत. दोन दिवस गप्प होते. मग हळूच म्हणाले (म्हणजे त्यांच्या मानानं हळू), ‘‘लेकरू टॉलरन्सच्या बाहेर आहे.’’ बाळ वयाच्या मानानं अवाढव्य निघत होतं. आईची मांडी नेमकी कुठं सुरू होऊन कुठं संपते याचा पत्ता लागेना. खुर्चीचा एक खांब दिसतो, बाकीची खुर्ची कुठं गेली? सळई अशी निघाली असती तर लॉट रिजेक्ट. पण डोळ्यांना चित्र पास होतं, तक्रार फक्त व्हर्नियरची. हा हिशेब त्यांना झोपू देईना. शेवटी त्यांच्या लक्षात आलं की बाळाचं कोपर जवळजवळ वर्तुळाच्या मध्यावर आहे आणि आईचा दंड, बाळाची पाठ, कललेली डोकी असं सगळं त्याच्याभोवती फिरतंय. राफाएलनं माणसं वर्तुळात बसवली नव्हती, वाकवली होती. ‘‘बेंडिंग आहे हे,’’ दाजी म्हणाले आणि व्हर्नियर पेटीत गेला. मला विचाराल तर चित्रकला ते त्या दिवशी शिकले. नंतरचं सगळं फिनिशिंग.

मधल्या काळात एक हिरवं प्रकरण झालं. फोनवरच्या व्हिडिओतल्या एका परदेशी बाईंनी दाजींना चेन्नीनो चेन्नीनी या १४००च्या सुमाराच्या इटालियन चित्रकाराची पद्धत दाखवली होती: अंगाच्या रंगाखाली आधी हिरव्या मातीचा थर द्यायचा, म्हणजे वरचा गुलाबी जिवंत दिसतो. चेन्नीनो राफाएलच्या शंभर वर्षं आधीचा, आणि अंड्याच्या बलकात रंग कालवणारा, हे मी नोंदवून ठेवलं. उपयोग झाला नाही. तिघं जण कित्येक दिवस हिरवेगार बसून होते. शेडमध्ये येणारा जाणारा कळवळायचा. कावीळ उतरवणाऱ्या एका वैद्याचा पत्ता तीन वेगवेगळ्या लोकांनी आणून दिला.

अंग गुलाबी झालं आणि मग खरी गर्दी सुरू झाली. एमआयडीसीत प्रदर्शन भरवायला हॉल लागत नाही, शटर अर्धं उघडं ठेवलं की पुरतं. चहावाला पोरगा आला, म्हणाला, ‘‘यशोदा, किसना, आन् हा पेंद्या.’’ त्याच्या दृष्टीनं विषय संपला. लेथवरच्या टर्नरनं बाई पाहिली नाही, बाळ पाहिलं नाही. त्यानं खुर्चीचा तो एकटा खांब पाहिला, खाली बसून पाहिला, आणि विचारलं, ‘‘हे प्रोफाइल हातानं काढलंय का टेम्प्लेटवर?’’ वेल्डरला डोक्यामागची बारीक सोनेरी वलयं वॉशर वाटली. भंगारवाले चाचा आले ते झाकणाचं वजन अंदाजत, आणि मग एकदम थबकले. ‘‘ये तो बीबी मरियम हैं. और ये छोटे याह्या.’’ कुराणात मरियमच्या नावाची सूरा आहे, याह्याही आहेत. सगळ्या एमआयडीसीत आई आणि छोटा योहान यांची ओळख नेमकी पटवणारे हे पहिले. ‘‘मगर पेंट लगा दिया,’’ निघताना म्हणाले. ‘‘अब भंगार में भाव कम आएगा.’’

हिला पातळ नेसवा, अशी सूचना बऱ्याच जणांची होती. तसं करणारा माणूस होऊन गेलाय. गोव्यात जन्मलेले, पुण्याच्या आश्रमात राहून रंगवणारे आंजेलो द फोन्सेका. त्यांची मरिया लुगड्यात आहे, आपल्या मातीची आहे, आणि त्यासाठी त्यांनी स्वकीयांचा भरपूर रोषही पत्करला. दाजींना मात्र ती हिरवी, पट्ट्यापट्ट्यांची शाल सोडवेना. तिच्या काठावरची नक्षी त्यांना जमली होती आणि जमलेलं ते झाकू देणार नव्हते.

ताई एकदाच आली. डबा द्यायला. चित्राकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘‘हिची झोप झालेली नाही. आणि लेकरू नुकतंच रडून थांबलंय, म्हणून असं आवळून धरलंय. आता कुणी बोलू नका म्हणतीय ती.’’ आम्ही सगळे त्या डोळ्यांत कृपा शोधत होतो. दाजींनी त्या संध्याकाळी डोळ्यांखाली किंचित तपकिरी फिरवली, आणि ती बाई आमच्या गल्लीतली झाली.

एव्हाना दाजींना नक्कल करणाऱ्यांबद्दल जातीचा जिव्हाळा वाटू लागला होता, म्हणून आम्ही अजिंठ्याला जाऊन आलो. देवाधर्माची चित्रं तेलरंगात उतरवायचा सगळ्यात मोठा उपद्व्याप आपल्याच शेजारी झालाय, फक्त उलट्या बाजूनं. मद्रास फौजेतला रॉबर्ट गिल १८४४ मध्ये नेमला गेला आणि वर्षानुवर्षं लेण्यांतली चित्रं कॅनव्हासवर उतरवत राहिला. त्याच्या आणि पारोच्या प्रेमाची गोष्ट कवी महानोरांमुळे घरोघरी गेली; नकलांची गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या आणि १८६६च्या आगीत बहुतेक जळाल्या. मग जे. जे.चे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन बसले. त्यांच्याही कित्येक नकला १८८५ मध्ये लंडनलाच जळाल्या. दाजींनी मान हलवली. ‘‘चिंध्या कुठं ठेवत होते, विचारायला पाहिजे.’’

त्यानंतर आल्या ख्रिस्तियाना हेरिंगहॅम. यांनी १८९९ मध्ये त्याच चेन्नीनोचं इंग्रजी भाषांतर केलं होतं, आणि १९०९ ते १९११च्या हिवाळ्यांत त्या इथं तंबू ठोकून नकला करत होत्या, नंदलाल बोस यांच्यासारखी तरुण मंडळी मदतीला. म्हणजे चेन्नीनो आमच्या मुलखात दाजींच्या शंभर वर्षं आधीच येऊन गेलेला. पुढं १९२०-२२ मध्ये निजामानं इटलीहून सेक्कोनी नावाचे दुरुस्तीतज्ज्ञ बोलावले. त्यांनी चित्रं पक्की करायला लाखेचा हात फिरवला आणि तो पुढं पिवळा पडला. पहिल्या लेण्यात अंधारात डोळे सरावेपर्यंत दाजी चक्क गप्प उभे होते. भिंतीवर चिखल, तूस, गवताचे तंतू, वर पातळ चुना आणि रंग; तेलाचा संबंध नाही. इथला निळाही राजावर्ताचा, बदख्शानकडचाच, राफाएलच्या हजार वर्षं आधीचा. पद्मपाणीपुढं ते बराच वेळ मान वाकडी करून उभे राहिले. पहारेकऱ्याला संशय आला असावा. बाहेर आल्यावर म्हणाले, ‘‘हाही मान कलती करून बसलाय. पण याची झोप झालीय.’’

चित्र पुरं होत आलं तेव्हा दसरा जवळ आला होता. खंडेनवमीला गाळा धुऊन निघाला, मशीनना झेंडूचे हार, लेथला कुंकू, ड्रिलला कुंकू, वेल्डिंग सेटला, कॉम्प्रेसरला, व्हर्नियरच्या पेटीला कुंकू. हेल्पर मनापासून काम करणारा पोरगा. ओळीत कुणाला सोडायचं नाही एवढंच त्याला ठाऊक. ओळीच्या शेवटी झाकण होतं. त्यानं हात जोडले आणि मरियेच्या कपाळावर अंगठाभर कुंकू दाबलं.

कपाळ वाळलेलं नव्हतं. तिथला पांढरा करडईत घोटलेला, आणि करडई मागाहून येते हे पत्र्याच्या पट्टीवर सहीनिशी सिद्ध झालेलं होतं. कुंकू रंगात चांगलं मुरलं. दाजी सुरी घेऊन पुढं झाले, थबकले, मागं आले. पेंटरमामांनी ‘‘वरून एक टच मारू’’ म्हटलं. गाळामालक म्हणाला, सणाच्या दिवशी पुसायचं नाही. चहावाल्याला तर आत्ता कुठं चित्र पूर्ण झाल्यासारखं वाटत होतं. तेव्हा दाजींना आमचे शेजारी गुरुजी आठवले. त्यांचं घराणं बेथेलचं. जालन्याजवळचं हे ख्रिस्ती गाव रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून वसवलं. तिथली परंपरा स्कॉटिश मिशनची, भिंती पांढऱ्या, मूर्ती नाही, चित्र नाही. गुरुजींनी आजवर झाकणाकडे शटरच्या बाहेरूनच पाहिलं होतं, पण पाहिलं होतं रोज.

त्यांना बोलावलं. ते आत आले, चष्मा कपाळावर सरकवला आणि जवळ जाऊन निरखून पाहू लागले. शेडमध्ये कॉम्प्रेसरसुद्धा बंद होता.

‘‘आमच्याकडे मुळात चित्रालाच जागा नाही,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘तेव्हा चित्रातल्या बाईनं कुंकू लावावं की नाही, याचा नियम काही केलेला नाही.’’

‘‘मग राहू देऊ?’’ दाजींनी विचारलं.

‘‘कुंकू राहू द्या. त्या लेकराच्या पायाचा अंगठा तेवढा बघा. तो अजून टॉलरन्सच्या बाहेर आहे.’’